पोरे काय, वाढतातच!

मुलीने बालविकास हा विषय घेऊन पदवी करायचे म्हटले, की घरातील वडीलधारे हसतात. ‘त्यात शिकायचे काय? तुझ्या पणजीने सात पोरे वाढवली, ती कुठल्या विद्यापीठात गेली होती?’ मुलाने म्हटले तर हसतसुद्धा नाहीत; त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात.

मी स्वतः दहावीपुढे शिकलो नाही, तेव्हा पदव्यांची आरती ओवाळण्याचे मला कारण नाही. पणजीविषयीही आदर आहे. (जन्मलेल्यांपैकी किती जगली, हे मात्र कुणी सांगत नाही.) पण मूल वाढवणे निराळे आणि मूल जाणणे निराळे. फराळाचे ताट समोर आहेच, तर त्यातलेच उदाहरण घ्या. चार वर्षांचे पोर आणखी एका लाडवासाठी हटून बसले, की आई त्याच्या हातातलाच लाडू फोडते. ‘घे, झाले दोन!’ पोर खूश. ही युक्ती आयांना येते. पोर का फसले, हा प्रश्न पडत नाही. झां पियाजे या स्विस अभ्यासकाला तो पडला. मुलांच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतून त्याने विचारले, पाणी तेवढेच आहे का? लहानगी म्हणाली, वाढले. मोठी म्हणाली, तेवढेच. त्याच्या वयोमर्यादांवर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा. पण आकार बदलला तरी परिमाण तेच राहते, ही समज मुलात हळूहळू पिकते, एवढे तरी आपल्याला कळले. ती पिकण्याआधीच बेरजेचा हातचा चुकला म्हणून पोराला ‘मठ्ठ’ ठरवणारे आपण कोण? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडी बंद केली. टोमणा चालूच आहे.

मोठ्या मुलांचे हाल तर निराळेच. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे कारण. उत्तम! पण वयात येताना शरीराचे घड्याळच मागे पडते, रात्री झोप उशिरा येते, हे या विषयाची कोणतीही विद्यार्थिनी सांगेल. मग सातच्या शाळेत जांभया देणारी नववीची मुले आळशी कशी? त्या आदेशात त्यांचे नाव नाही.

हा विषय काल आलेला नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली गृहविज्ञान शाखा निघाली, तिच्यात तो रुजला. पण पाककला आणि शिवणकाम यांच्या पंक्तीला बसल्यामुळे तो ‘बायकांचा’ ठरला. मुलांना बाप नसतात काय?

दोष विद्यापीठांचाही आहे. परदेशी मुलांवर लिहिलेली पुस्तके घोकून पौगंडावस्थेवर उत्तरपत्रिका भरायच्या. आणि ऊसतोडीला आईबापांमागे जाणारी, शाळा अर्ध्यावर सुटलेली, तेराव्या-चौदाव्या वर्षी बोहल्यावर उभी केलेली बीडकडची पोर? तिची पौगंडावस्था कुठल्या प्रकरणात आहे? ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, १९५७ साली कोसबाडला. वारली मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ च्या केंद्रीय योजनेतून अंगणवाडी देशभर पोचली. ती चालवणाऱ्या सेविकेला मात्र पगार नव्हे, ‘मानधन’ देतात. त्यात मान किती आणि धन किती, ते तिलाच विचारावे.

माझी मागणी साधी आहे. दर केंद्रशाळेला या विषयाचा एक पदवीधर नेमावा, आणि त्यांत पुरुषही असावेत. पैसे कुठून आणायचे, असे कुणी पालक विचारतील. शिकवणीवर्गाची फी कुठून आणलीत?