पाडस, वणवा आणि लोखंडाची भट्टी

मुलांसाठी काढलेल्या कार्टूनपटांतून निसर्गरक्षणाचा उपदेश करण्याची प्रथा आता इतकी रुळली आहे की, झाडे तोडणारा एक दुष्ट आणि ती वाचविणारे बालवीर यांच्यावाचून असा चित्रपट पुराच होत नाही. पालक समाधानाने घरी परततात, शिक्षकांना निबंधासाठी विषय मिळतो. तथापि मुलांच्या मनावर उमटलेला ठसा नेमका कशाचा, याची चिकित्सा क्वचितच होते. करमणुकीची गोष्ट म्हणून हा प्रश्न झटकता येणार नाही. कारण असे ठसे सरकारी धोरणाच्या दिमतीला कसे लागतात, याचा दाखला उपलब्ध आहे.

वॉल्ट डिस्ने यांचा ‘बॅम्बी’ १९४२ साली पडद्यावर आला. फेलिक्स साल्टेन या ऑस्ट्रियन लेखकाच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात माणूस एकदाही दिसत नाही. ऐकू येतो तो त्याच्या बंदुकीचा बार, आणि दिसतो तो शिकाऱ्यांच्या तळावरील शेकोटीतून भडकलेला वणवा. पाडसाची आई मारली जाते त्या प्रसंगी डोळे पुसणाऱ्यांत मोठी माणसेही असतात. अमेरिकेतील शिकारी मंडळींनी या चित्रणावर आक्षेप घेतला, यात नवल नव्हते. पुढची हकीकत अधिक महत्त्वाची आहे. १९४४ साली अमेरिकन वनखात्याच्या वणवाप्रतिबंधक मोहिमेत भित्तिपत्रकांवर हेच पाडस झळकले. डिस्ने यांनी ते वर्षभरापुरतेच वापरू दिले होते. म्हणून खात्याने ‘स्मोकी’ नावाचे टोपीवाले अस्वल पुढे आणले आणि कित्येक पिढ्या त्याच्या ओळखीत वाढल्या.

आग म्हणजे अरण्याचा शत्रू, हा धडा मुलांना तोंडपाठ झाला. दिसलेला वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणावयाचा, हे वनखात्याचे धोरण १९३५ पासूनचे. ते चित्रपटाने जन्माला घातले नाही. पण पाडसाच्या अश्रूंनी त्याला बळ दिले, असे म्हणावयास हरकत नसावी. वस्तुतः अमेरिकेच्या पश्चिम भागातील पाँडेरोसा पाइनची अरण्ये जमिनीलगत सरपटत जाणाऱ्या लहान वणव्यांच्या सोबतीनेच वाढली होती. त्यांत पालापाचोळा आणि खालची दाटी जळून जाई, जाड सालीचे थोराड वृक्ष उभे राहत. तेथील मूळ रहिवासी असे वणवे जाणूनबुजून लावीत. प्रत्येक आग विझवीत गेल्याने हे सरपण वर्षानुवर्षे साचले, आणि मग पेटलेला वणवा झाडांच्या शेंड्यांना भिडू लागला. दहा वाजेपर्यंतच्या मुदतीचे ते धोरण १९७०च्या दशकात सोडून द्यावे लागले. कोकणात राब भाजताना ज्याने पाहिले आहे, त्या मुलाला आग आणि शत्रू हे समानार्थी शब्द नव्हेत, हे शिकवावे लागत नाही. शहरातल्या मुलाला मात्र पडदा हाच गुरू.

खलनायक जितका ठसठशीत, तितका प्रेक्षक निर्दोष ठरतो, ही या चित्रपटांची खरी सोय आहे. डॉ. स्यूस यांच्या १९७१ सालच्या ‘द लोरॅक्स’ या पुस्तकात वृक्ष तोडणाऱ्या कारखानदाराचा चेहरासुद्धा दिसत नाही. तो कोणीही असू शकतो. २०१२ सालच्या चित्रपटाने त्याला चेहरा तर दिलाच, शिवाय पुस्तकात नसलेला, बाटलीबंद हवा विकणारा एक दुष्ट व्यापारीही घातला. आणि त्याच चित्रपटाच्या आधाराने माझदा कंपनीच्या मोटारीची जाहिरात करण्यात आली!

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली चित्रपटगृहांत पर्यावरणविषयक संदेश दाखविण्याचा आणि हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु ‘झाडे लावा’ या वाक्याशी कोणाचा मतभेद असणार? जेथे मतभेद नाही, तेथे वर्गात बोलण्यासारखेही फारसे उरत नाही.

हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) या बाबतीत निराळा आहे. लहानग्यांना तो झेपणार नाही, त्यात रक्तपात आहे. पण आठवी-नववीच्या मुलांनी तो अवश्य पाहावा. मध्ययुगीन जपानात लोहयुक्त वाळू वितळविण्याची भट्टी चालविणारी एबोशी ही अरण्याची वैरीण. कोळशासाठी ती डोंगर बोडके करते, वनदेवतेवर बंदूक रोखते. किंबहुना कोणत्याही बोधपटातील ती आयती खलनायिका ठरली असती. पण कुंटणखान्यांतून सोडविलेल्या स्त्रिया तिच्याच भात्यावर मानाने काम करतात, आणि समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांच्या जखमा ती स्वतःच्या हाताने धुते. भट्टी विझली तर ही माणसे कोठे जाणार? धरण, खाण किंवा कारखाना यांच्या वादात हाच प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही भित्तिपत्रकावर मावत नाही.

चित्रपटाच्या अखेरीस लांडग्यांत वाढलेली सान अरण्यात परतते, तिच्यावर प्रेम करणारा आशिताका भट्टीच्या गावात राहतो, आणि एक हात गमावलेली एबोशी गाव नव्याने वसविण्याचे ठरविते. त्या गावाच्या भट्टीसाठी लाकूड कोठून येणार, हे मियाझाकी सांगत नाहीत.