दिवाणखान्यातला समुद्र



सध्या आपल्या घरांत एक नवा शौक शिरला आहे. साधा फिश टँक जुना झाला, आता ‘नॅनो रीफ’ हवा. म्हणजे ३०-४० लिटरची काचेची पेटी, तीत खारं पाणी, निळा दिवा, प्रवाळ आणि दोन नारिंगी क्लाउनफिश, ज्यांना मुलं निमो म्हणतात. दिसतं सुंदर, यात वाद नाही. माझा वाद आहे तो ‘यात कसली हिंसा? आपण तर जीव पाळतोय, खायला घालतोय’ या वाक्याशी. मंडळात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आता लिहायलाच बसले.

आधी ही पेटी मांडतात कशी ते पाहू, कारण दुकानदार एवढं सांगत नाही. नळाचं पाणी चालत नाही, आरओपेक्षाही शुद्ध पाणी लागतं. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ. मग वाळू आणि ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्रातला जिवंत दगड. जिवंत का, तर त्याच्या छिद्रांत जंतू, कृमी, बारीक शंख असतात. वाटेत त्यातले कितीतरी मरतात, कुजतात आणि अमोनिया तयार होतो. एक जातीचे जंतू अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे जातात. ती लवकर बसावी म्हणून कोणी कोळंबीचा तुकडा पाण्यात कुजत ठेवतात. पूर्वी तर सरळ जिवंत मासेच त्या विषारी पाण्यात सोडायचे. जगले तर जगले. हल्ली बाटलीतला अमोनिया मिळतो, पण घाई असलेली माणसं अजूनही मासेच सोडतात.

आता खाणं. क्लाउनफिशला पोळीचा चुरा चालत नाही. कोरडे दाणे मिळतात, त्यातही बहुधा माशांची भुकटीच असते. शिवाय बारीक कोळंबीसारखे जीव गोठवून वड्या विकतात, त्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. ज्या घरात बटाटा येत नाही, चौमासात पालेभाजी बंद असते, त्या फ्रीजरमध्ये कोळंबी! आणि हात धुऊन त्याच हातांनी अष्टद्रव्याचं ताट. कोणी मला समजावून सांगेल का?

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. ४० लिटर पाण्यात १४०० ग्रॅम मीठ. रोज अर्धा लिटर पाणी उडून जातं असं धरा. मीठ उडत नाही. चार दिवस तुम्ही यात्रेला गेलात, की उरलं ३८ लिटर आणि क्षारता ३५ वरून जवळजवळ ३७. ४०० लिटरच्या टाकीत तेच दोन लिटर कमी झाले तर फरक जाणवतही नाही. म्हणजे टाकी जितकी छोटी, तितका त्यातल्या जिवांना धोका जास्त, आणि आपल्याकडे विकली जाते ती ‘छोटी आहे, सोपी आहे’ म्हणून! त्यात आपला एप्रिल-मे. प्रवाळाला साधारण २५-२६ अंश मानवतात; पाणी ३० च्या वर राहू लागलं की ते पांढरं पडतं. मग चिलर घ्या, वीज गेली तर इन्व्हर्टर घ्या.

‘मासे आता टाकीतच पैदा करतात,’ असं एक सून म्हणाली. खरं आहे, क्लाउनफिश तसे मिळतात. पण इतर कितीतरी समुद्री मासे अजून समुद्रातूनच येतात. फिलिपीन्स आणि इंडोनेशियात प्रवाळावर सायनाइड फवारून मासे गुंगवून धरल्याचं जगजाहीर आहे. आणि पैदाशीतला असला तरी बंध तो बंधच. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच बंध आहे, वध त्याच्यानंतर येतो.

दुसरी म्हणाली, ‘प्रवाळ तर एकेंद्रिय.’ आपल्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायात मोजलंय, विज्ञान त्याला प्राणी म्हणतं. तो वाद पंडितांवर सोडू. पण एकेंद्रियांचीसुद्धा गरजेपुरतीच हिंसा, असं श्रावकाला सांगितलंय ना? गरजेविना केली तर तिला अनर्थदंड म्हणतात. भाजी चिरण्यावाचून गत्यंतर नाही. निळ्या दिव्यावाचून कोणाचं अडलंय? सरकारचा कायदासुद्धा आपल्यापेक्षा कडक निघाला. खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला.

आपल्या सासवा पाणी गाळल्यावर फडकं उलटं करून त्यावरचे जीव परत त्याच विहिरीत सोडायच्या. दुसऱ्या विहिरीत नाही, कारण तिथलं पाणी त्यांना सोसणार नाही. शाळेत न गेलेल्या बायकांना हे कळत होतं. मुलांना समुद्र दाखवायचाच तर मालवणला न्या, तिथे आपल्या महाराष्ट्राचीच प्रवाळं आहेत. लांबून बघा, हात लावू नका.

ज्यांच्याकडे टाकी आधीच आहे त्यांनी हे वाचून उत्साहाने मासे समुद्रात नेऊन ‘अभयदान’ करू नये. परक्या समुद्रातला मासा इथे एक तर मरेल, नाही तर इथल्या जिवांना रोग देईल. आहेत त्यांना नीट सांभाळा. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं शुद्ध पाणीच घाला, मिठाचं नव्हे. क्लाउनफिश दहा-दहा वर्षंही जगतो, तेवढी तयारी ठेवा. आणि तो गेला की दुसरा आणू नका.