एकच पत्ता, दोन वस्त्या

चांगला पगार आहे, कागदपत्रे पूर्ण आहेत, तरी नाव सांगितल्यावर फ्लॅट "कालच गेला" असे ऐकावे लागते. आपल्या वाचकांना हे नवे नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कित्येक कुटुंबे मुंब्रा-कौशात आली. अहमदाबादचे जुहापुरा १९७३ च्या साबरमतीच्या पुरात बेघर झालेल्यांसाठी वसले. २००२ नंतर तिथे डॉक्टर, वकील, व्यापारीही राहायला गेले. अशा वस्त्यांत गरीब गरिबीमुळे राहतो आणि पैसेवाला नावामुळे.

बाहेरच्यांच्या लेखी दोघांत फरक नसतो. काही बँका मुस्लिम वस्त्यांना नकारात्मक विभाग ठरवतात आणि तिथे कर्ज सहजासहजी मिळत नाही, अशी नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली आहे. तिथे पगाराची स्लिप नंतर, पत्ता आधी पाहिला जातो.

फरक करतो तो आपणच. टॉवर उभा राहिला की आधी भिंत आणि गेट. पाण्याला टँकर, विजेला जनरेटर, आजारपणाला लांबचे हॉस्पिटल, मुलांना न्यायला कॉन्व्हेंटची व्हॅन. तुंबलेले गटार गाडीच्या काचेबाहेर राहते. कुठे राहता विचारले, तर मुंब्र्याचा माणूस "ठाण्याला" म्हणतो. (महापालिका ठाण्याचीच आहे, तेव्हा खोटेही म्हणता येत नाही!)

या लोकांना सरसकट दोष देणे आम्हाला पटत नाही. ज्याने ही जागा निवडलीच नाही, त्याने तिच्यावर जीव लावावा हे कोणत्या तोंडाने सांगायचे? रमजानमध्ये हीच मंडळी सढळ हाताने देतात. पण ते देणे गेटवर, वॉचमनने लावलेल्या रांगेत. घेणारीचे नाव देणाऱ्याला ठाऊक नसते. शेजाऱ्याचे हक शिकवताना वर्गात एकदा प्रश्न आला, "सर, टॉवरवाले आपले पडोसी आहेत का?" आम्ही "हो" म्हणालो. पोरे हसली.

वस्तीला पैशाइतकीच त्यांच्या वेळेची आणि शब्दाच्या वजनाची गरज आहे. आमच्या शाळेसमोरच्या गटारासाठी मुलांच्या आया तीन वर्षे अर्ज देत होत्या. गेल्या वर्षी पलीकडच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त इंजिनिअर त्यांच्याबरोबर गेले. उतार कुठे चुकला आहे ते त्यांनी कागदावर काढून नेले होते. दोन महिन्यांत काम सुरू झाले. आता साहेब सकाळी फिरायला निघाले, की आया सलाम करून त्यांना थांबवतात आणि पुढचा अर्ज हातात देतात. सध्याचा अर्ज शाळेच्या पाण्याच्या टाकीचा आहे.