तीन दिवस, एकवीस स्थळे!

नाताळात प्रागला निघालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी प्रवासाचा आराखडा मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे ठेवला. तीन दिवस आणि एकवीस स्थळे! मी म्हटले, "अहो, ही सहल की शिरगणती?"

"एवढा पैसा ओतायचा, तर सगळे पाहायला नको?" ते म्हणाले.

नको! डिसेंबरअखेर तिथे सूर्य आठाच्या सुमारास उगवतो नि चारच्या सुमारास मावळतो. एवढ्याशा उजेडात एकवीस स्थळे बसवायची म्हणजे फराळाचे सारे ताट एकाच घासात कोंबायचे. मग चकली कुठली नि करंजी कुठली? सेंट व्हायटस कॅथीड्रल १३४४ साली बांधायला घेतले, ते पुरे झाले १९२९ साली. आमचे स्नेही ते अर्ध्या तासात 'उरकणार'!

आणि त्या यादीत एक जागा नव्हतीच. वेन्सेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, फरसबंदीतच एक काशाचा क्रूस आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. पुढे लोक हळूहळू मुकाट होऊ लागले. त्यांना जाग यावी म्हणून यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ रोजी तिथे स्वतःला पेटवून घेतले. तीन दिवसांनी तो गेला. घाईत चालणाऱ्याला तो क्रूस दिसतही नाही.

मंडळी, जा जरूर. पण यादीतली निम्मी नावे आधी खोडा, लोकरीचे कपडे भरपूर घ्या आणि त्या थंडीत तिथे घटकाभर उभे राहा.