कचेरींतील कवाईत

कन्हान नदीच्या कांठीं इ. स. १८२१ सालीं कामठीची छावणी वसली. तेव्हांपासून परगांवाहून आलेल्या माणसांस कांहीं तरी शिकवावें आणि परत धाडावें, असा या गांवाचा क्रम चालत आला आहे. आजहि ब्रिगेड ऑफ दि गार्ड्स या पायदळाचें शिक्षणकेंद्र येथें आहे आणि राष्ट्रीय छात्रसेनेची अधिकारी-प्रशिक्षण प्रबोधिनीहि येथेंच आहे. या दुसऱ्या संस्थेंत येणारे उमेदवार म्हणजे निरनिराळ्या प्रांतांतील शाळा-महाविद्यालयांचे शिक्षक. कोणी भूगोल शिकविणारा, कोणी रसायन. आणि पहांटे मैदानावर उभें राहिल्यावर सर्वांनाच डावा पाय कोणता व उजवा कोणता हें नव्यानें शिकावें लागतें. शिक्षक हा जात्याच वाईट विद्यार्थी असतो. ज्यास आज्ञा देण्याची संवय जडली त्यास ती ऐकणें जड जातें. तरीहि ही मंडळी शिकून जातात, कारण तेथील रीत कवाईतीची आहे. चुकलें कीं तेथल्या तेथें सुधारावयाचें, आणि अंगवळणी पडेपर्यंत तेंच पुन्हां करावयाचें.

हें सांगण्याचें कारण असें कीं, सरकारी नोकरांना सर्वसमावेशक वर्तनाचें शिक्षण द्यावें, अशी चर्चा अलीकडे सर्वत्र चालू आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरांत एक तरी माणूस सरकारी, निमसरकारी किंवा बँकेच्या नोकरींत असतो. तेव्हां हा विषय घरचाच आहे. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द तोंडांत मावत नाहीं एवढा लांब आहे खरा, परंतु त्याच्या पोटांत एक चांगला धातु दडलेला आहे. सम् आणि आ हे उपसर्ग लागलेला विश् म्हणजे एकत्र प्रवेश करणें. आधीं आंत बसलेल्यानें बाहेरच्याला उपकार म्हणून दार उघडावें, असा अर्थ त्यांत कोठेंहि नाहीं.

शिक्षणाच्या सोयींची नागपुराकडे वाण नाहीं. छिंदवाडा मार्गावर प्राप्तिकर खात्याच्या अधिकाऱ्यांची राष्ट्रीय प्रत्यक्षकर अकादमी आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. राज्य सरकारच्या नोकरांसाठीं वनामती आहे. त्यांत भर म्हणून २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘मिशन कर्मयोगी’ या योजनेस मान्यता दिली, आणि आतां नोकरांस आपल्या भ्रमणध्वनीवर पाठ पाहून प्रमाणपत्र मिळवितां येतें. नियमांची माहिती होण्यास हें साधन उत्तम आहे. त्याची आम्ही थट्टा करणार नाहीं. परंतु अग्निशमन महाविद्यालयांत पाण्याची नळी धरणें कोणी व्याख्यान ऐकवून शिकवीत नाहीं. मग शेजारच्या टेबलावरील बहिऱ्या माणसाशीं कसें बोलावें, हें मात्र चित्रफीत पाहून येईल, असें कां समजावें?

एका तालुक्याच्या गांवीं कचेरींत कारकून असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलेली हकीकत येथें देतों. कचेरीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अशा कचेऱ्या पुष्कळ असतील. तेथें अपंग बंधुभगिनींशीं कसें वागावें याविषयीं एक दिवसाचा वर्ग ठेविला होता. दीपप्रज्वलन झालें, पाहुण्यांस श्रीफळ दिलें, आणि विद्वान् वक्ते दोन तास करुणेवर बोलले. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीस पाळणा नव्हता. त्याच कचेरींत कुबड्या घेऊन चालणारा एक कर्मचारी आहे. तो तळमजल्यावरच आपल्या जागीं बसून राहिला. वर्ग संपल्यावर हजेरीपत्रक खालीं आणून त्याची सही मात्र घेण्यांत आली. चहाहि पाठविला, असें आमच्या विद्यार्थ्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. त्या दिवशीं वर्ग खालच्या पडवींत भरविण्याचें एकाहि डोक्यांत आलें नाहीं, आणि त्या डोक्यांत एकहि दुष्ट नव्हतें. दुष्टपणा असता तर उपाय सोपा होता.

आमच्या जुन्या शास्त्रकारांस हा मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता. सभापर्वांत नारद युधिष्ठिरास राज्याचें कुशल विचारतात. आंधळे, मुके, पांगळे आणि अनाथ यांचें तूं पित्याप्रमाणें पालन करतोस ना, असा प्रश्न त्यांत येतो. तो दयेचा प्रश्न झाला. कौटिल्य याच्या पुढें जातो. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वाक्पारुष्याचें, म्हणजे कठोर बोलण्याचें, प्रकरण आहे. एखाद्या काण्या किंवा लंगड्या माणसास तो तसा असतांना तसें म्हणून हिणविलें, तर दंड तीन पण. तो तसा नसतांना म्हटलें, तर सहा पण. आणि ‘काय सुंदर डोळे आहेत हो तुमचे’ असें स्तुतीच्या मिषानें म्हटलें, तर बारा पण! खऱ्या बोलण्याच्या चौपट दंड गोड बोलण्यास ठेविणारा हा ग्रंथकार कचेऱ्यांतून पुष्कळ हिंडला असला पाहिजे. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारांत आला तेव्हां त्यावर खुद्द अपंगांच्याच कांहीं संघटनांनीं आक्षेप घेतला होता. आमच्या अंगांत दिव्य कांहीं नाहीं, आम्हांस उतार आणि कठडा हवा आहे, असा त्याचा मथितार्थ. हेतु चांगला असेल. पण शब्दानें पायरी उतरतां येत नाहीं.

मग कवाईत कोणती? ती फार क्षुल्लक गोष्टींची आहे. दृष्टिहीन सहकाऱ्याजवळ गेल्यावर प्रथम आपलें नांव सांगावें. निघतांना निघालों म्हणून सांगावें, नाहीं तर बिचारा रिकाम्या खुर्चीशीं बोलत बसतो. त्याचा हात धरून ओढूं नये, आपली कोपर त्याच्या हातीं द्यावी. टेबल-खुर्च्या हलविल्या तर त्यास आधीं कळवावें. कमी ऐकूं येणाऱ्याशीं बोलतांना तोंड त्याच्याकडे असावें आणि प्रकाश आपल्या चेहऱ्यावर पडावा. ओरडूं नये, ओरडण्यानें ओठांचा आकार बिघडतो. सभेंत ठरलेलें त्यास लेखी द्यावें.

कागदांविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण कचेरीचा प्राण कागदांत असतो. आतां दृष्टिहीन कारकून संगणकावर मजकूर ऐकून काम करूं शकतो. एनव्हीडीए नांवाची विनामूल्य मिळणारी प्रणाली मराठीहि वाचून दाखविते. परंतु परिपत्रकाचें छायाचित्र काढून तें पाठविलें, तर त्या यंत्रास तेथें अक्षर दिसतच नाहीं. त्याच्या लेखीं तो कोरा कागद. तसेंच जुन्या पद्धतीच्या टंकांत मजकूर असला, तर पडद्यावर मराठी दिसते आणि यंत्राच्या तोंडून भलतीच इंग्रजी अक्षरें बाहेर पडतात. मजकूर युनिकोडमध्यें असला म्हणजे ही अडचण राहत नाहीं. एवढें एक काम साऱ्या कचेरीनें अंगवळणी पाडलें, तर एका माणसाचा दिवस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्यांत जाणार नाहीं. हें शिकविण्यास बाहेरचा वक्ता कशास हवा? तो कारकूनच अर्ध्या तासांत शिकवील. तळमजल्यावर बसविलेल्या त्या माणसास गुरूच्या आसनावर बसविणें, यास आम्ही प्रशिक्षण म्हणतों.

संवयीनें मनुष्य पालटतो, याचा दाखला कामठीच्या छावणींतच आहे. इंग्रजी अमदानींत पलटणी जातवार भरल्या जात. ज्या महार शिपायांनीं मुंबईच्या सैन्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ते लढाऊ जातींचे नव्हेत या सबबीखालीं, बंद झाली. १९१७ सालीं युद्धाची निकड लागली तेव्हां त्यांची एक पलटण उभारली, आणि १९२१ सालीं ती मोडूनहि टाकली. पुन्हां महायुद्ध आलें. १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि दुसरी १९४२ सालीं या कामठींतच. पुढें १९४९ सालीं जनरल करिअप्पा यांच्या पुढाकारानें गार्ड्सची स्थापना झाली. कोणत्याहि प्रांताच्या आणि जातीच्या जवानास तींत घ्यावयाचें, हें तिचें सूत्रच होतें. एका रांगेंत चालणें, एका भांड्यांतील अन्न खाणें, रात्रीं शेजारीं निजणें, असा त्यांचा अभ्यासक्रम. ऐक्यावरील व्याख्यानें त्यांसहि ऐकावीं लागत असतील, पण भिस्त त्यांवर नव्हती.

आतां जें लिहितों तें आमच्या घरांतील कांहीं मंडळींस रुचणार नाहीं. नवा माणूस कचेरींत रुजू झाला कीं पहिला प्रश्न त्याच्या आडनांवाचा असतो. आडनांवावरून उलगडा न झाल्यास गांवाचा. तेवढ्यानेंहि न झाल्यास ‘तुमच्यांत लग्नें कशी होतात’ असा आडवळणाचा. हा प्रश्न विचारणारा आपण जिज्ञासु आहों असें समजतो. ज्यास तो विचारला जातो त्याच्या वडिलांना आणि आजोबांना तोच विचारला गेलेला असतो, आणि उत्तर ऐकल्यावर पाण्याचें भांडें कोठें ठेवलें गेलें हेंहि त्याच्या घरीं कोणी विसरलेलें नसतें. याच कामठींत बाबू हरदास यांनीं, ज्यांस शाळेचें दार बंद होतें त्यांच्यासाठीं रात्रीच्या शाळा काढल्या आणि विडी कामगारांस संघटित केलें. १९३७ सालीं ते मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ सालीं, पस्तिशींतच, वारले. त्या शाळांत ज्यांनीं मुळाक्षरें गिरविलीं त्यांचीं नातवंडें-पतवंडें आज स्पर्धापरीक्षा देऊन कचेऱ्यांत बसत असतील. त्यांस आडनांव विचारण्यापूर्वीं काम विचारावें, ही कवाईत घरच्या दिवाणखान्यांतहि होण्यासारखी आहे. मुलें ती तेथेंच शिकतात.

नोकरी करणाऱ्या सुनांलेकींविषयींहि दोन शब्द लिहितों. २०१३ च्या कायद्यानें दहा किंवा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक कार्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं अंतर्गत समिति असावी लागते. तिची प्रमुख वरिष्ठ पदावरील स्त्री, निम्म्याहून कमी नाहींत इतक्या स्त्रिया, आणि एक सभासद बाहेरचा. तक्रार साधारणपणें तीन महिन्यांच्या आंत करावयाची असते. समितीची माहिती दर्शनी भागीं लावणें कार्यालयावर बंधनकारक आहे. आपल्या सुनेच्या कचेरींत ती पाटी कोठें आहे, हें आज जेवतांना विचारून पाहावें. पुष्कळ घरांत उत्तर येणार नाहीं.

शेवटीं अशा गोष्टीकडे वळतों, जिच्या अज्ञानानें संसार बुडतात. पंचेचाळिशींत एखाद्याची दृष्टि जाते, किंवा अपघातांत पाय जातो. कचेरींतील स्नेही सहानुभूतीनें म्हणतात, ‘आतां कशास ओढाताण? स्वेच्छानिवृत्ति घ्या.’ घरचेहि तेंच म्हणतात. मनुष्य खचलेला असतो; तो सही करतो. वस्तुतः २०१६ च्या अपंग व्यक्ति हक्क अधिनियमाच्या विसाव्या कलमान्वयें, नोकरींत असतांना अपंगत्व आलेल्या सरकारी नोकरास कमी करतां येत नाहीं कीं खालच्या पदावर आणतां येत नाहीं. पूर्वीचें काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीनें आणि त्याच सवलतींनीं दुसरें काम द्यावें. तसें पद रिकामें नसेल, तर तें मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्यास अधिसंख्य पदावर ठेवावें. कामाच्या स्वरूपावरून एखाद्या सेवेस सरकार अधिसूचनेनें यांतून वगळूं शकतें. तेवढें तपासून घ्यावें. याच अर्थाची तरतूद १९९५ च्या जुन्या कायद्यांतहि होती. कर्तव्यावर जखमी होऊन डावा पाय कापावा लागलेल्या एका शिपायास नोकरींतून काढलें असतां, सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं तिच्याच आधारें निकाल त्याच्या बाजूनें दिला.

याच अधिनियमाच्या सत्तेचाळिसाव्या कलमानें प्रशासक, पोलीस, न्यायाधीश आणि पंचायतींचे सभासद यांच्या प्रशिक्षणांत अपंगांच्या हक्कांचा पाठ सक्तीचा केला आहे. आस्थापना शाखेच्या कारकुनास विसावें कलम तोंडपाठ असलें, तर स्वेच्छानिवृत्तीचा तो अर्ज त्याच्या टेबलावरूनच परत जाईल. तो येत नसल्यास घरच्यांनीं सही थांबवावी आणि कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. प्रत्येक सरकारी आस्थापनेनें असा अधिकारी नेमलाच पाहिजे. तेथें दाद न लागल्यास पुण्यास अपंगांसाठींच्या राज्य आयुक्तांचें कार्यालय आहे. अर्जाची पोंच घेण्यास विसरूं नये.