त्या मुठीला लटकू नका

जुनी तलवार म्यानात अडकली की आपल्याकडे आधी जोर आठवतो. दोघं म्यान धरतात, तिसरा दोन्ही हातांनी मुठीला लटकतो, बाकीचे "वढ, येतली!" म्हणून ओरडतात. पातं येत नाही, मूठ तेवढी हातात येते. मग मूठ आणि पातं गॅरेजात जातं, तिथे कुणीतरी वेल्डिंगचे दोन टाके मारतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या देवघरात सांभाळलेली वस्तू दहा मिनिटांत मरते. मालवणपासून सावंतवाडीपर्यंत जुन्या घरांतून मी हे पाहत आलो आहे आणि मला त्याची चीड येते. याला अज्ञान म्हणून माफी देता येत नाही. ओढण्याआधी कुणाला विचारावं असं वाटतच नाही, हा माज आहे.

तलवार अडकते कशी ते तरी समजून घ्या. म्यान म्हणजे सरसाने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या. वरून चामडं किंवा मखमल, तोंडाला आणि टोकाला धातूची नाळ. पावसाळ्याचे चार महिने ते लाकूड दमट हवा पिऊन फुगतं. तोंडाची नाळ त्याला बाहेर सरकू देत नाही, म्हणून ते आत, पात्यावर दाबतं. त्यात आपला खारा वारा. पात्यावर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. हा वारा काय करतो हे मालवणकरांना नव्याने सांगायला नको. राजकोट किल्ल्यावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ चं. त्याचे नटबोल्ट गंजल्याचं बांधकाम खात्याचं पत्र २० ऑगस्ट २०२४ चं, आणि २६ ऑगस्टला पुतळा जमिनीवर. तर आश्विनात लाकूड पुरतं फुगलेलं असतं, गंज ताजा असतो, आणि आपण नेमकी दसऱ्याला तलवार ओढतो. वर्षभरात याहून वाईट दिवस सापडणार नाही.

आणि मूठ का निखळते? आपल्या तलवारीचं पातं मुठीला सहसा रिव्हेटने जोडलेलं नसतं. मूठ पोकळ असते. पात्याचा आखूड दांडा त्या पोकळीत जातो आणि भोवती लाख, राळ आणि विटेची पूड यांचं गरम मिश्रण ओततात. थंड झालं की ते दगडासारखं धरतं, पण शंभर-दोनशे वर्षांत कोरडं पडतं, तडकतं. झटका दिला की तिथेच सुटतं. ही जोडणी दुरुस्तीसाठी पुन्हा उघडता यावी अशीच आहे. लाख ७० अंशांच्या आसपास मऊ होते, पाणी उकळायच्या कितीतरी आधी. मुठीला सावकाश, कोरडी ऊब दिली की ती सुटते आणि नवी लाख घालून परत बसते. लाखेचा हा स्वभाव या जिल्ह्याला शिकवायला बाहेरून माणूस आणावा लागत नाही. सावंतवाडीचे चितारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात आणि नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात. आणि शेजारचा गॅरेजवाला त्याच लाखेवर हजार अंशांवरची ज्योत धरतो! दोनशे अंशांपुढे पात्याचं पाणी उतरू लागतं. मुठीवर सोन्याची तार ठोकून बसवलेली असेल तर तीही जाते.

यानंतर घासाघीस सुरू होते. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, ग्राइंडर. संडास धुवायचं ॲसिड ओतणारेही आहेत. त्या ॲसिडमधलं क्लोराइड लोखंडाच्या छिद्रांत राहतं आणि पातं आधीपेक्षा वेगाने सडतं. चकाकी मिळते, पण मुठीजवळचे ठसे जातात, आणि पातं कुठून आलं याचा पुरावा त्या ठशांतच असतो. गोव्याच्या बंदरांतून युरोपी पाती इथे उतरत, मराठे त्यांना आपली मूठ बसवत आणि त्या तलवारीला फिरंग म्हणत. १८७५-७६ च्या दौऱ्यात युवराज एडवर्डला कोल्हापूरहून दिलेली, जगदंबा म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनच्या राजसंग्रहात आहे. तिच्या पात्यावर 'आयएचएस' ही ख्रिस्ती अक्षरं तीनदा ठोकलेली आहेत. ती कुणी घासली नाही म्हणून आज वाचता येतात. ही तलवार परत आणा म्हणून घोषणा देणारेच घरच्या पात्यावर ग्राइंडर फिरवतात, तेव्हा त्यांच्या इतिहासप्रेमावर माझा काडीचाही विश्वास बसत नाही.

जपानकडे बघा. तिथे मूठ एका बांबूच्या खुंटीवर असते. खुंटी काढली की मूठ सुटते. रुतलीच तर खाच पाडलेला लाकडी ठोकळा टेकवून हलके ठोके देतात. मुठीत लपलेल्या दांड्यावरचा काळा गंज मात्र कुणी काढत नाही, कारण त्यावरून पात्याचं वय ठरतं आणि तिथेच कारागिराची सही असते. तो गंज खरवडणाऱ्याला तिथे तलवारीचा मारेकरी समजतात. आपण त्याला दसऱ्याला शाबासकी देतो.

म्हणून सांगतो. अडकलेली तलवार कोरड्या खोलीत आडवी ठेवा, उन्हात नाही, चुलीजवळ नाही. पौष-माघात हवा सुकली की लाकूड आवळतं. मग म्यानाचं तोंड हातात धरून, मुठीखालच्या आडव्या दांड्याला फक्त अंगठ्याने रेटा द्या. हलली नाही तर थांबा आणि जाणकाराकडे न्या. तो म्यानाची सरसाची शिवण उघडेल. म्यान पुन्हा चिकटवता येतं. पातं निघाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते खवटतं आणि त्यातलं आम्ल लोखंड खातं.

दसऱ्याला पूजा म्यानासकट करा. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं म्यानावर वाहा, ओलं फूल पात्यावर ठेवू नका. ज्याला पातं बघायचं असेल त्याने माघात यावं, आणि पॉलिश पेपर घरी ठेवून यावं.