तोंड आलंय? कॅलेंडर बघा!

तोंड आलं की आपलं ठरलेलं असतं. केमिस्टकडून बी-कॉम्प्लेक्स घ्यायचं, डब्यातलं तिखट बंद, की झालं! साधं तोंड आलेलं आठ-पंधरा दिवसांत बरं होतंही. पण तीन आठवडे उलटले, तरी चहाचा घोट झोंबतोय? मग डेंटिस्ट किंवा स्किन स्पेशालिस्ट गाठाच. हो, तोंडासाठी स्किनवाला!

दरवेळी काही गंभीर असेलच असं नाही. पण पेम्फिगस व्हल्गॅरिस बहुतेकदा तोंडातच सुरू होतो. अंगावर चटकन फुटणारे पाण्याचे फोड कधी काही महिन्यांनी येतात. त्वचेच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रोटीनवर आपल्याच अँटिबॉडीज उलटतात. सेल्फ गोलच म्हणा ना! हा संसर्ग नव्हे, त्यामुळे असा कलीग असेल तर डबा खुशाल शेअर करा.

निदान बायोप्सी आणि इम्युनोफ्लुओरेसन्स टेस्टने होतं. स्टिरॉइड्स येण्याआधी हा आजार बहुतेकांचा जीव घ्यायचा. आता जोडीला रिटुक्सिमॅब आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. मात्र फोड सुकले म्हणून स्टिरॉइड मनाने, एकदम बंद करू नका. ते डॉक्टरच हळूहळू कमी करतील. तुम्ही फक्त तारीख लक्षात ठेवा: तोंड कधी आलं?